वेंडेलशी लावलेली जोडी

ईस्टरची प्रार्थना संपून लोक दारात पास्टरांशी हात मिळवत होते, तेवढ्यात ओरिनचा फोन वाजला आणि तो रांग सोडून सरळ बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला. आमच्या हाय-लाइनवर, मोंटानाच्या या उत्तरेकडच्या पट्ट्यात, ईस्टरच्या सकाळी असं कुणी करत नाही. लॅव्हॉनने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि तिला कळायचं ते कळलं. इतकी वर्षं संसार केल्यावर माणसाची पाठही वाचता येते.

"दोघं फुटले," गाडीत बसल्यावर ओरिन म्हणाला. "आता पंचवीस-पंचवीस."

"मंगळवारी ना मतदान?"

"मंगळवारी."

"आणि वेंडेल?"

काच कोरडी असताना ओरिनने वायपर सुरू केले आणि घर येईपर्यंत ते तसेच फिरत राहिले.

अडचण समजायला सोपी होती, सुटायला नव्हती. मोंटाना राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, पन्नास माणसं. त्यातला एक ओरिन ब्रेक्के आणि दुसरा त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा वेंडेल सांडविक. मतदारसंघ शेजारशेजारचे, पक्ष एकच, पण देशाच्या घटनेत बदल सुचवायला राज्यांची परिषद बोलवा, या ओरिनच्या ठरावावर दोघं समोरासमोर. आठवड्यापूर्वी वेंडेल स्वतःच्याच अंगणात बर्फावरून घसरला, खुब्याचं हाड मोडून घेतलं आणि ग्रेट फॉल्सच्या इस्पितळात आडवा झाला. बुधवारी ओरिन त्याला भेटायला गेला. आमच्या सिनेटमध्ये जुनी रीत आहे. एखाद्याला मतदानाला येता येत नसेल, तर विरुद्ध बाजूच्या एकाने त्याच्याशी जोडी लावायची. त्याचं मत नाही, तर याचंही नाही. कागदावर दोघांच्या सह्या होतात, आणि कागद सचिवाच्या हाती गेला की दोघंही बांधले जातात. वेंडेलने विचारलं आणि ओरिनने हात पुढे केला. तेव्हा ठरावाच्या बाजूने सत्तावीस मतं होती, एक सोडायला त्याचं काय जात होतं! वेंडेलने पडल्या पडल्या सही केली. ओरिन खाली गाडीत बसून करणार होता, पण थंडीने पेन उमटेना, म्हणून राहून गेली. कागद अजून गाडीच्या कप्प्यात होता.

आता जोडी लावली तर दोन्हीकडे चोवीस. बरोबरी झाली की ठराव पडतो. नाही लावली, तर पंचवीस विरुद्ध चोवीस, आणि ज्या ठरावासाठी ओरिनने चार अधिवेशनं घासली तो पास. स्वतःचा ठराव स्वतःच्या सहीने मारायची वेळ त्याच्यावर आली होती.

घरी पोचले तेव्हा ओरिनची बहीण गुड्रुन आधीच येऊन स्वयंपाकघरात उभी होती. नवरा इस्पितळात असला म्हणून ईस्टरला रिकाम्या हाताने येईल तर ती ब्रेक्क्यांची मुलगी कसली! साय घालून भाजलेल्या बटाट्यांचं भलंमोठं भांडं तिने आणलं होतं आणि त्यावर स्वतःचाच टॉवेल झाकला होता.

"कसा आहे?" ओरिनने विचारलं.

"कुरकुरतोय. म्हणजे बरा आहे," ती म्हणाली आणि टॉवेलची घडी घालत राहिली.

मोठी मुलगी मारित गोठ्यातून आली, कोपरापर्यंत हात धुऊन टेबलाशी बसली. रँच आता खरं तर तीच चालवते. धाकटा सेव्हर डाकोटात तेलविहिरींवर असतो, तो नाताळनंतर आज उगवला होता. हॅम कापलं गेलं, बटाट्याची नॉर्वेजियन पोळी, लेफ्से, फिरली, बटाटे फिरले. प्रार्थना ओरिनने इतकी भरभर म्हटली की सेव्हरचा 'आमेन' मागे राहिला.

"बाबा, हसू नका, पण मला एकदा शाळेतल्या पोराला सांगतात तसं सांगा," सेव्हर म्हणाला. "इतकी वर्षं ऐकतोय. राज्यं घटना बदलणार म्हणजे नक्की करणार काय?"

"राज्यं बदलत नाहीत रे, मागतात," मारित म्हणाली. "शाळेत काय झोपा काढल्यास? घटनेत दुरुस्ती सुचवायला दोन दारं आहेत. एक वॉशिंग्टनच्या काँग्रेसचं. आजवरच्या सगळ्या दुरुस्त्या तिथूनच आल्या. दुसरं राज्यांचं. दोन तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी, म्हणजे चौतीस जणांनी, परिषद बोलवा असा अर्ज केला, की काँग्रेसला ती बोलवावीच लागते. आवडो न आवडो."

"आणि परिषद म्हणेल ते झालं?"

"झालं कसलं! परिषद फक्त सुचवणार. मग अडतीस राज्यांनी ते मान्य करायचं. त्या दाराने अजून कुणी गेलेलंच नाही."

"म्हणजे बाबा जिंकले तरी आपण चौतिसातले एक."

"एक तर एक," ओरिन म्हणाला. "काँग्रेसमधली माणसं स्वतःच्या खुर्चीला मुदत कधी लावतील का? मला इथे आठ वर्षं झाली की घरी जा म्हणतात. बरोबरच आहे. मग ते तिथे दात पडेपर्यंत का बसतात? त्यांना उठवायचा हा एकच रस्ता आहे, त्यांना न विचारता जाणारा."

"वेंडेल म्हणतो," गुड्रुनने बटाटे वाढता वाढता सुरू केलं, "दार उघडणं तुमच्या हातात आहे, आत कोण येईल ते नाही. किती माणसं पाठवायची, कुणी निवडायची, राज्याला एक मत की डोक्यांप्रमाणे, काहीतरी लिहिलंय का कुठे? तुम्ही मुदतीसाठी जमवाल आणि ती मंडळी सगळं घर उचकटून ठेवतील."

"आईच्या परिषदेने काय उचकटलं होतं?" ओरिनने विचारलं.

हे येणार हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. ब्रेक्के कुटुंबात कुठलाही वाद बहात्तर सालापर्यंत मागे गेल्याशिवाय मिटत नाही. त्या वर्षी मोंटानाने आपली राज्यघटना नव्याने लिहायला शंभर माणसं राजधानीत, हेलेनाला, बोलावली, त्यात ओरिन आणि गुड्रुनची आई थिया होती. आमदार नाही, वकील नाही, शेतकऱ्याची बायको. ओरिन तेव्हा सतरा वर्षांचा, तिला गाडीने पोचवायचा आणि वरच्या सज्जात बसून ऐकायचा.

"पक्षाप्रमाणे बसवलं नव्हतं कुणाला," तो म्हणाला. "आडनावाच्या अक्षराप्रमाणे खुर्च्या. आईच्या एका बाजूला बँकवाला, दुसऱ्या बाजूला रेल्वेच्या युनियनचा माणूस. पहिला आठवडा दोघं तिच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत. शेवटी शेवटी खोकल्याच्या गोळ्या एकाच पुडीतून खात होते. मी डोळ्यांनी पाहिलंय, गुड्रुन. साधी माणसं एका खोलीत बसवली की शहाण्यासारखी वागतात."

"तू सज्जात होतास. मी घरी होते." गुड्रुनचा आवाज चढला नाही, पण काटा तिने खाली ठेवला. "अख्खा हिवाळा बाबांच्या हातचे उकडलेले बटाटे. मेंढ्या कातरायच्या कात्रीने माझे केस कापले त्यांनी. शाळेच्या फोटोत मी कशी दिसते ते बघ एकदा."

सेव्हरला हसू आवरेना. लॅव्हॉनही हसली. मग सेव्हरने हसता हसताच विचारलं, "पण बाबा, सही तर केलेली नाही ना तुम्ही? मग मोडा की जोडी."

"हात दिलाय त्यांनी," मारित म्हणाली. "मला स्वतःला तो ठराव हवा आहे, सेव्हर. पण वेंडेलकाका पलंगावर पडलेत म्हणून आपण जिंकलो, हे मला गावात सांगवणार नाही."

"गावात कोण विचारतंय?"

"इथे? सगळे!"

"फाडून टाक तो कागद," लॅव्हॉन म्हणाली.

दुकानात दोन सेंट जास्त परत आले तर गाडी वळवून परत जाणारी बाई ती. ओरिन तिच्याकडे बघतच राहिला.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू. फाड. बटाटे घे अजून, गार होतायत."

ओरिनने बटाटे घेतले नाहीत. कोट चढवून तो गोठ्याकडे गेला. बाकीच्यांनी थोडा वेळ हॅमकडे पाहिलं, आणि मग मारितने भांडी उचलायला सुरुवात केली.

गुड्रुन भांडी पुसायला उभी राहिली ती तोंडात एक वाक्य धरूनच. सकाळी सात वाजता, नर्स नाश्ता ठेवून गेल्यावर, वेंडेलने तिला जवळ बोलावलं होतं. त्यालाही फोन आला होता. "ओरिनला सांग, मी त्याला मोकळं केलं," तो म्हणाला होता. "सत्तावीस असताना दिलेला हात होता तो. माणसाला त्याच्याच ठरावाचा गळा दाबायला लावणं मला जमणार नाही." गुड्रुनने "सांगते" म्हटलं आणि त्याची उशी सारखी केली. गाडीत तिने ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. आणि इथे आल्यावर ते बाहेर आलंच नाही. तिला भावाचा ठराव नको होता हे खरं, वेंडेलपेक्षाही नको होता. पण तेवढंच नव्हतं. कुणी न सोडवता ओरिन काय करतो ते तिला बघायचं होतं, आणि असं बघावंसं वाटलं याची लाजही वाटत होती.

"तुझ्या तोंडून ते येईल असं वाटलं नव्हतं," ती लॅव्हॉनला म्हणाली.

लॅव्हॉनने साबणाच्या पाण्यातून हात काढले नाहीत. "आठ वर्षं म्हणाला होता मला. पहिल्या निवडणुकीच्या आधी, याच खिडकीपाशी. आठ वर्षं सिनेट, मग घरी. दर दुसऱ्या वर्षी जानेवारीत हा जातो, आणि वासरं माझ्या आणि मारितच्या गळ्यात. मी एक शब्द बोलले नाही."

"मग आता संपलंच की."

"कुठलं संपतंय! सिनेटची मुदत संपली की खालच्या सभागृहात, हाऊसमध्ये, उभं राहता येतं. आणखी आठ वर्षं. आपल्याकडचा हाऊसचा माणूस सोडतोय. हा मला बोलला नाही, मला को-ऑपच्या काउंटरवर कळलं, खताची पोती घेताना." ती थांबली. "ठराव पास झाला तर हा समाधानाने घरी येईल. पडला तर लगेच उभा राहील, पुन्हा पहिल्यापासून. मला ते राज्यघटनेचं काही कळत नाही असं नाही, गुड्रुन. मला माझा नवरा घरी हवाय."

गुड्रुनने एकच ताट पुन्हापुन्हा पुसलं. आता तिने तोंड उघडलं तर या घरातल्या सगळ्यांचं भलं होणार होतं. वेंडेलने सांगितलेलंच तर सांगायचं होतं. ती वळली, "लॅव्हॉन" म्हणाली, आणि नेमकं त्याच वेळी मागचं दार उघडलं.

ओरिनच्या कोपरापर्यंत चिखल होता. "त्या लाल गाईला वासरू झालं," त्याने मारितला सांगितलं, "पायांवर उभं राहिलंय." मग त्याने हात धुतले, ओल्या हातानेच कोटाच्या खिशातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. जाताना त्याने तो गाडीतून घेतला असणार.

"पेन दे कुणीतरी. चालणारं."

"बाबा, विचार केलात ना?" सेव्हर म्हणाला.

"गोठ्यात दुसरं करतो काय माणूस?"

"सगळी मेहनत पाण्यात जाईल."

"जाईल." ओरिन खुर्चीत बसला. तो दमलेला दिसत होता आणि त्याला वाईट वाटत होतं, ते त्याने लपवलं नाही. "मी सगळ्यांना सांगत फिरतो की माणसं पाठवा, माणसांवर विश्वास ठेवा, ठरलं तेवढंच बोलून परत येतील. आणि मीच, एका माणसाशी एका विषयावर ठरलेलं मोडू? मग माझंच कुणी का ऐकावं?"

मारितने पेन दिलं. त्याने सही केली. लॅव्हॉन सिंककडे तोंड करून उभी होती, तिने नळ जोरात सोडला.

"वेंडेलने तुला मोकळं केलं होतं," गुड्रुन म्हणाली. "आज सकाळी. मला सांगायला सांगितलं होतं."

नळ बंद झाला.

"आणि तू जेवत बसलीस?" लॅव्हॉन म्हणाली. "माझ्यासमोर उभी राहून ताटं पुसत बसलीस?"

"हो." गुड्रुनचे डोळे भरले. "चुकलं माझं. सांगणारच होते आत्ता, पण आधीच सांगायला हवं होतं."

"का गं?" ओरिनने विचारलं. रागावला नव्हता, नुसतं विचारलं.

"तू काय करतोस ते बघायचं होतं. आई गेल्यापासून मला वाटायचं, तुला तिची ती परिषदच हवी आहे, बाकी कुणी नको."

ओरिनने फोन काढून इस्पितळात लावला. पलीकडचा वेंडेलचा आवाज मोठा होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आलं.

"सांगितलं ना गुड्रुनने? मोकळा आहेस तू. कागद फेकून दे."

"तू मंगळवारी येऊ शकत असतास तर काय मत दिलं असतंस?"

"हा काय प्रश्न झाला? 'नाही' दिलं असतं! दोनदा देता आलं असतं तर दोनदा."

"मग झालं तर."

"अरे गाढवा, मी तुला सोडतोय!"

"तू सोडशील. पण तुझ्या मतदारांचं मत मोडक्या हाडाबरोबर मोडत नाही ना. ठेव आता. जेवलास का?"

"जेली देतात," वेंडेल म्हणाला. "हिरवी."

सेव्हर कागदाकडे हात नेत म्हणाला, "बाबा, अजून दाखल केलेला नाही, हं." मारितने त्याच्या हातावर चापट मारली. लॅव्हॉनने ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि कुणाशी न बोलता वर गेली. गुड्रुनने रिकामं भांडं टॉवेलात गुंडाळलं. ओरिन तिला गाडीपर्यंत सोडायला गेला आणि दारात त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणानंतर त्याने असं केल्याचं तिला आठवत नव्हतं.

मंगळवारी पहाटे ओरिन निघाला तेव्हा लॅव्हॉन कोट घालून गाडीत बसलेली होती.

"वासरं?" त्याने विचारलं.

"मारित आहे. सेव्हरही राहिलाय. त्यालाही कळू दे."

या चार अधिवेशनांत ती एकदाही हेलेनाला गेली नव्हती. सबंध रस्ता ती फारसं बोलली नाही. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि राग असला तरी ती यायची थांबली नव्हती. सज्जात तिला पहिल्या रांगेत जागा मिळाली. खाली ओरिनचं डोकं दिसत होतं. मागे विरळ झालेले केस घरी कधी इतके लक्षात आले नव्हते. त्याने कागद सचिवाकडे नेऊन दिला आणि जागेवर येऊन बसला.

चर्चा झाली. ज्यांनी बोलायचं ते बोलले, बहुतेक कागद वाचून. मग एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. ओरिनचं नाव आलं तेव्हा तो उभा राहिला.

"सिनेटर सांडविक इथे असते तर त्यांनी 'नाही' म्हटलं असतं," तो म्हणाला. "मत द्यायला मी मोकळा असतो तर 'हो' म्हटलं असतं. आमची जोडी आहे."

मोजणी सगळ्यांना पाठ होती. पुढच्या रांगेतला, ठरावाच्या विरुद्ध असलेला एक म्हातारा सिनेटर वळून ओरिनकडे बघत राहिला आणि मग पुढे तोंड करून बसला. चोवीस, चोवीस. ठराव नामंजूर. अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि कुरणांच्या कुंपणाबद्दलचं पुढचं विधेयक घेतलं.

लॅव्हॉन रडली. आपण रडू असं तिला वाटलं नव्हतं. तो कागद त्याने फाडला असता, तर आत्ता खाली बसलेल्या माणसाला तिने ओळखलं असतं की नाही, कोण जाणे. रविवारी तिने ते मागितलं होतं, भर टेबलावर, पोरांच्या देखत. त्याने ते केलं नाही याबद्दल तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटल्यामुळे तिचा सगळा हिशेबच बिघडला होता.

संध्याकाळी बाहेरच्या पायऱ्यांवर तो तिला भेटला. जाता-येता लोक त्याच्याशी हात मिळवत होते. त्यात फुटलेल्या दोघांपैकी एकजणही होता, आणि ओरिनने त्याचाही हात घेतला. हाऊसचा एक सभासद थांबून म्हणाला, "पुढच्या वर्षी आमच्याकडे या, ब्रेक्के. जागा मोकळी होतेय." ओरिन नुसता हसला. तो माणूस पायऱ्या उतरून गेला.

"को-ऑपमध्ये कळलं होतं मला," लॅव्हॉन म्हणाली.

"सांगणार होतो."

"माहितीये." तिने हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. "ओरिन, ते आठ वर्षांचं. तू मला म्हणाला होतास ते. मी धरून बसणार नाही. तुला उभं राहायचं असेल तर राहा. वासरं आम्ही बघू."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "मोकळं करतेस मला?"

"करते."

"खरंच?"

"खरंच. रडून झालंय माझं, आता परत विचारू नकोस."

ओरिनने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली.

"मग घरी येतो," तो म्हणाला. "तू चालव."